ठिणगीचा कोन: कुर्ल्याची फियाट, माहुलचे पेट्रोल आणि डिस्ट्रिब्युटरचा इतिहास

१/
मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे, असा नियम. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. त्या दिवसांत छपरावरचे कॅरियर, बाहेर बसवलेला मीटर आणि आतली रंगीबेरंगी सजावट यांवर पुष्कळ लिहिले गेले. इंजिनच्या बाजूला उभा असलेला मुठीएवढा एक भाग मात्र कोणाला आठवला नाही. त्याचे नाव डिस्ट्रिब्युटर. हा थ्रेड त्या भागाचा आणि तो फिरवून साधल्या जाणाऱ्या काही अंशांच्या कोनाचा. 🧵

२/
या इतिहासाचा नकाशा फार लहान आहे. हार्बर मार्गाने कुर्ल्याहून निघाले की टिळकनगर, चेंबूर, गोवंडी आणि मग मानखुर्द. कुर्ल्यात ही गाडी तयार झाली. चेंबूरच्या दक्षिणेला माहुल येथे तिचे पेट्रोल शुद्ध होऊ लागले. पुढे तिच्या टाकीत जो नैसर्गिक वायू आला, तो उरणहून खाडीखालून ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर पोचतो. मानखुर्द या तिन्हींच्या शेजारी. इंजिन आणि इंधन यांचे नाते इतक्या थोड्या अंतरात एकवटल्याचे उदाहरण देशात विरळाच.

३/
आधी मूळ प्रश्न. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण जळते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पण मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ज्योत पसरायला सेकंदाचा काही हजारावा भाग लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडे आधीच ठिणगी पडावी लागते. हे 'थोडे आधी' क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. गॅरेजच्या भाषेत हेच टायमिंग.

४/
आता गणित पाहावे. मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. तोच ८०० फेऱ्यांवर पाच अंशही फिरत नाही. ज्योतीला लागणारा वेळ मात्र त्या प्रमाणात बदलत नाही. म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडली पाहिजे. ती उशिरा पडली तर शक्ती वाया जाते आणि इंजिन तापते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच आघात होतो. या दोन चुकांच्या मधली अरुंद वाट सापडणे, म्हणजे टायमिंग साधणे.

५/
मोटारीच्या पहिल्या पिढीत ही वाट चालकाने स्वतः शोधायची असे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सुकाणूखाली दोन दांड्या होत्या. उजवी इंधनाची, डावी ठिणगीची. हँडल मारून गाडी सुरू करताना डावी दांडी मागे घ्यायला विसरलेल्या माणसाला इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. रस्त्यावर वेग वाढला की दांडी पुढे, चढ लागला की मागे. चांगला चालक तो, ज्याला इंजिनाचा आवाज कळतो, असे तेव्हा शब्दशः खरे होते.

६/
ही दांडी हळूहळू नाहीशी करणाऱ्या मार्गाचा आरंभ चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने केला. त्याच्या डेल्को कंपनीची बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी यंत्रणा १९१०च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढची साठ-सत्तर वर्षे जगातील बहुतेक मोटारी याच तत्त्वावर धावल्या. भारतातील अनेक जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी डिस्ट्रिब्युटरचे नाव आजही 'डेल्को' आहे. ओहायोतल्या एका कंपनीचे नाव असे वस्तुवाचक होऊन देशी गॅरेजांत मुरले.

७/
डिस्ट्रिब्युटरची रचना समजून घेण्यासारखी आहे. मध्ये एक दंड, तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. दंडावरचा कॅम पॉइंट उघडतो. पॉइंट उघडताच कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. वरचा रोटर तो करंट क्रमाने एकेका प्लगकडे पाठवतो. फियाटमध्ये हा क्रम १-३-४-२. खाली दोन लहान वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. अनेक डिस्ट्रिब्युटरना बाजूला एक पोकळ डबी असते. इंजिनाच्या शोषणाने ती ओढली जाते आणि हलक्या भारावर ठिणगी आणखी पुढे नेते. मॉडेल टीच्या चालकाचा डावा हात येथे दोन वजने, दोन स्प्रिंग आणि एक पडदा यांनी घेतला.

८/
मात्र आरंभाचा कोन माणसालाच ठरवावा लागे. डिस्ट्रिब्युटरचा तळाचा बोल्ट सैल करायचा, संपूर्ण भाग हाताने किंचित फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. तो एक अंश फिरला की क्रँकशाफ्टच्या हिशेबाने ठिणगी दोन अंश सरकते. म्हणजे बोटाच्या हलक्या दाबावर इंजिनचे सुखदुःख अवलंबून. आणि हा कोन केवळ इंजिनावर ठरत नसे; टाकीत कोणते पेट्रोल आहे, यावरही ठरत असे. इतिहासाचा प्रवेश येथे होतो.

९/
कारण पेट्रोल वाईट असेल तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकते. लोखंडावर हातोडी आपटल्यासारखा टकटक आवाज येतो. हेच नॉकिंग. कॅडिलॅकमधील नॉकिंगचा दोष आरंभी केटरिंगच्या नव्या प्रज्वलन यंत्रणेवर आला. दोष यंत्रणेचा नसून इंधनाचा आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्याने प्रयोगशाळेला कामाला लावले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याच प्रश्नावर मूलभूत संशोधन करीत होता. इंधनाची नॉकिंगला दाद न देण्याची ताकद मोजण्याच्या या खटपटीतूनच पुढे ऑक्टेन अंक रूढ झाला.

१०/
केटरिंगचा सहकारी थॉमस मिजली याला ९ डिसेंबर १९२१ रोजी उत्तर सापडले: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग. थोडेसे मिसळले की नॉकिंग थांबे. १९२३ साली हे पेट्रोल विक्रीला आले. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात याच संयुगाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. तरीही शिसे जगभर पसरले, कारण त्यामुळे इंजिने अधिक दाबाची, अधिक जोरकस करता आली. आपल्या यंत्रावरचा आळ दूर करण्यासाठी सुरू झालेल्या शोधाचे हे फळ. त्याचे पुढे काय झाले, ते २२व्या भागात.

११/
आता कुर्ला. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. फोर्डशी बोलणी फसल्यावर त्यांनी क्रायस्लरशी करार केला होता. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी करार झाला. आधी छोटी ५००, मग १९५४च्या सुमारास ११०० आली. वालचंद १९५३ साली निवर्तले. आपल्या कारखान्याची कोणती गाडी मुंबईची ओळख होणार आहे, हे त्यांना पाहता आले नाही.

१२/
फियाट ११००चे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे: सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. याचा मूळ आराखडा १९३७च्या ५०८ सी या गाडीतला, आणि त्यामागील प्रमुख अभियंता दान्ते जाकोझा. साधे, टिकाऊ, बत्तीस अश्वशक्तीचे घरगुती इंजिन. इटलीत साठच्या दशकात ११०० डी या गाडीला १२२१ घनसेंटीमीटरचे मोठे इंजिन मिळाले. कुर्ल्यात मात्र १०८९चा आकडा अखेरपर्यंत टिकला.

१३/
टॅक्सीच्या या इंजिनाची वंशावळ मात्र शर्यतीच्या मैदानात जाते. युद्ध संपताच तुरीनचा उद्योगपती पिएरो दुझिओ याने चिसितालिया ही कंपनी काढली आणि तिची पहिली शर्यतीची गाडी, डी४६, जाकोझानेच आखली. हृदय तेच: फियाट ११००चे. दाब वाढवून आणि कार्ब्युरेटर बदलून त्यातून साठ अश्वशक्तीच्या आसपास जोर काढला गेला. पुढची चिसितालिया २०२ ही गाडी तिच्या देखण्या घडणीसाठी १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली. ज्या इंजिनावर चालणारी मोटार कलाकृती म्हणून मांडली गेली, त्याच कुळीचे इंजिन दादर स्थानकाबाहेर रांगेत उभे असे.

१४/
१९४७ सालच्या जून महिन्यात मिल्ले मिलिया ही इटलीतील हजार मैलांची शर्यत युद्धानंतर प्रथमच भरली. चौपन्न वर्षांचा, आजाराने खंगलेला ताझिओ नुवोलारी उघड्या चिसितालियात बसला होता. जवळजवळ तिप्पट क्षमतेच्या आल्फा रोमेओला त्याने बराच काळ मागे ठेवले. मग वाटेत धो धो पाऊस लागला. पाणी गाडीच्या विद्युत यंत्रणेत शिरले, इंजिन अडखळले आणि मोलाची मिनिटे गेली. नुवोलारी दुसरा आला. बिओन्देत्तीची आल्फा जिंकली. हे अपयश ना इंजिनाचे होते, ना चालकाचे. ठिणगी भिजली होती.

१५/
मुंबईला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत कुर्ला, शीव, चेंबूरच्या सखल भागांत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट ही दोन पिढ्यांची आठवण आहे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की करंट प्लगकडे न जाता ओलाव्यातून भलतीकडे पळतो. मग टोपीच्या दोन क्लिपा सोडायच्या, आतून कोरड्या फडक्याने पुसायची, रोटर पुसायचा, वायरी झटकायच्या आणि देवाचे नाव घेऊन चावी फिरवायची. नुवोलारीला ज्याने हरवले, त्याच्याशी मुंबईचे टॅक्सीवाले दर पावसाळ्यात झुंजत होते.

१६/
आता माहुलकडे. १९५४ साली स्टॅनव्हॅकची आणि १९५५च्या जानेवारीत बर्मा-शेलची तेलशुद्धी माहुल परिसरात सुरू झाली. त्यापूर्वी मुंबईचे पेट्रोल जहाजाने तयार येत असे. राष्ट्रीयीकरणानंतर या दोन रिफायनरी अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाल्या. शेजारच्या ट्रॉम्बेत १९५६ साली अप्सरा अणुभट्टी पेटली. मानखुर्दच्या दक्षिणेकडचा हा खाडीकाठ दोन-अडीच वर्षांत देशाच्या ऊर्जेचा काठ झाला. त्याची किंमत चेंबूर-माहुलच्या हवेने चुकवली. परिसराला 'गॅस चेंबूर' हे नाव उगीच पडले नाही.

१७/
त्या काळातील भारतीय मानकांत साध्या पेट्रोलचे दोन प्रकार होते: ८३ ऑक्टेन आणि ९३ ऑक्टेन. हे अंक कोरडे वाटतील, पण सगळी गंमत त्यांतच आहे. ९३ ऑक्टेन गृहीत धरून आखलेले परदेशी इंजिन ८३ ऑक्टेनवर चालवले, तर कारखान्याने दिलेल्या टायमिंगवर ते चढाला टकटक करणारच. उपाय एकच: डिस्ट्रिब्युटर सैल करून ठिणगी दोन-चार अंश मागे घेणे. जोर थोडा कमी होई, पण पिस्टन वाचे. पुस्तकातला कोन आणि मुंबईतला कोन हे वेगळे असत.

१८/
ही अडचण गाड्या निर्यात करणाऱ्यांनाही ठाऊक होती. एमजी आणि तिच्या बरोबरीच्या इंग्रजी स्पोर्ट्स कार जगभर जात, आणि देशोदेशीचे पेट्रोल निराळे. म्हणून एमजीबी गाडीतल्या लुकास २५डी४ या डिस्ट्रिब्युटरला बाजूला एक लहान दातेरी चक्ती होती. काहीही न सोडता, बोटाने चक्ती फिरवून ठिणगी पुढेमागे घेता येई. टाकी भरली, नॉकिंग ऐकू आले, चक्ती थोडी फिरवली, निघालो. सत्तरच्या दशकाच्या मध्यास आलेल्या ४५डी४ या पुढच्या नमुन्यात ही सोय गेली. पेट्रोल एकसारखे झाल्याची ती एक मूक नोंद होती.

१९/
मुंबईच्या मेकॅनिकांनी यासाठी स्वतःचे शास्त्र घडवले. एक बल्ब, दोन वायरी: पॉइंट उघडला की बल्ब पेटतो, आणि पुलीवरची खूण त्याच क्षणी जुळली पाहिजे. पॉइंटमधील फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. फीलर गेज नसेल तर अंदाजाने. शेवटची कसोटी कानाची. टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर जोराने पॅडल दाबायचे. अगदी हलकी टकटक येऊन विरली तर टायमिंग बरोबर. अजिबात आली नाही तर मागे आहे, राहिली तर पुढे आहे. मॉडेल टीच्या चालकाचा कान असा येथे शिल्लक राहिला होता.

२०/
स्पोर्ट्स कारच्या मालकांची कथा वेगळ्या कारणाने अवघड झाली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन दुर्मीळ, मोटारींच्या आयातीवर कडक बंधने. शिवडी येथे १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली काम थांबवले. जुन्या एमजी, जॅग्वार शहरात राहिल्या, पण त्यांचे सुटे भाग येईनात. एखाद्या डिस्ट्रिब्युटरचा दंड झिजला की नवा मिळणे दुरापास्त. पश्चिमेतील हौशी मंडळी डिस्ट्रिब्युटर बदलतात ती अधिक जोरासाठी. येथे तो बदलला गेला गाडी जिवंत राहावी म्हणून. १९६१ साली मद्रासजवळ पाडी येथे लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि देशी भाग मिळू लागले. ते मूळ कोणत्या गाडीसाठी होते, हा प्रश्न दुय्यम ठरला.

२१/
पण असा बदल म्हणजे केवळ भोकात दंड बसवणे नव्हे. दंडाच्या तळाचा दातेरी भाग जुळला पाहिजे. रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो की उलट, ते पाहिले पाहिजे. आणि सर्वांत फसवी गोष्ट बाहेरून दिसतच नाही: आतल्या वजनांचे आणि स्प्रिंगांचे गणित. दोन डिस्ट्रिब्युटर दिसायला जुळे असतात, पण एक ३००० फेऱ्यांवर ठिणगी जितकी पुढे नेतो, त्याहून दुसरा बरीच अधिक नेतो. जागेवर उभी गाडी गोड चालते. महामार्गावर अर्ध्या तासाने पिस्टनला भोक पडते. चांगला कारागीर म्हणून आधी स्प्रिंग बदले, मग कोन लावी.

२२/
शिशाचा हिशेब अखेर पुढे आला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो, हे शास्त्राने सिद्ध केले होते. भारतात जून १९९४ पासून मुंबईसह चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. एप्रिल १९९५ पासून नव्या गाड्यांसाठी शिसेरहित. आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, ते २०२१ साली थांबवले. मिजलीच्या शोधाला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. शिशाने इंजिनाची टकटक शंभर वर्षे दाबून ठेवली. तिची किंमत चौकाचौकात श्वास घेणाऱ्या मुलांनी मोजली.

२३/
त्याच वर्षांत मुंबईच्या टॅक्सीचे इंधनच बदलले. प्रदूषणाविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात सुनावण्या झाल्या आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळल्या. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या पंपांपुढे रांगा लागल्या. समुद्रातील बॉम्बे हायचा वायू आता डिकीतल्या जाड टाकीत होता. या वायूचा ऑक्टेन अंक १२०च्या वर, म्हणजे नॉकिंगची भीती जवळजवळ नाही. पण त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश पसरते. म्हणून ठिणगी बरीच अधिक आधी पडायला हवी.

२४/
येथे एक पेच होता. गाडी सुरू व्हायची पेट्रोलवर, चालायची वायूवर. दोन इंधने, दोन कोन, डिस्ट्रिब्युटर मात्र एक. पेट्रोलला साजेसा कोन ठेवला तर वायूवर गाडी मरगळते. वायूला साजेसा ठेवला तर पेट्रोलवर टकटकते. टॅक्सीवाल्याने व्यवहार पाहिला: दिवसभर वायूच जाळायचा, तर कोन वायूचाच. शहरातल्या हजारो डिस्ट्रिब्युटरांचा कोन असा थोड्या वर्षांत पुढे सरकला. न्यायालयाचा आदेश प्रत्यक्षात उतरला तो बारा नंबरच्या पान्याने.

२५/
हे पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा भारतात अनेक बस आणि मोटारी लाकडी कोळशापासून काढलेल्या वायूवर धावल्या. मागे भट्टी, पुढे इंजिन. तो वायूही सावकाश जळणारा. तेव्हाही ठिणगी पुढे घ्यावी लागली. युद्ध संपले, पेट्रोल आले, कोन मागे आला. शहराच्या इंधनात जो जो बदल झाला, तो डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी बोल्टच्या जुन्या ओरखड्यांत उमटला. ताम्रपटावर अक्षरे असतात. येथे ओरखडे आहेत.

२६/
मग डिस्ट्रिब्युटरच गेला. झिजणाऱ्या पॉइंटची जागा आधी चुंबकीय आणि प्रकाशीय संवेदकांनी घेतली. पॉइंटचा दोष मोठा: ४८०० फेऱ्यांवर तो सेकंदाला १६० वेळा उघडतो, त्याची टाच झिजते, फट कमी होते आणि ठिणगी नकळत मागे सरकते. संवेदक झिजत नाही. पुढे उत्सर्जनाचे नवे नियम आले, इंधन फवारणी आली आणि प्रत्येक ठिणगीचा कोन संगणक ठरवू लागला. तो तर नॉकिंग ऐकणारा स्वतःचा कानही बाळगतो. पद्मिनीचे उत्पादन याच वळणावर, शतक बदलताना, संपले.

२७/
आज जुन्या स्पोर्ट्स कारच्या हौशी मंडळींत एक वाद रंगतो. मूळ पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर ठेवावा की त्याच टोपीखाली इलेक्ट्रॉनिक संच लपवावा? एक पक्ष म्हणतो, अस्सलपणा गेला की गाडी गेली. दुसरा म्हणतो, घाटात बंद पडणारा अस्सलपणा काय कामाचा? प्रदर्शनात गुण पहिल्याला मिळतात, रस्त्यावर सुख दुसऱ्याला. पण दोघेही बहुधा एक गोष्ट विसरतात.

२८/
कारखान्याच्या पुस्तकात छापलेला 'मूळ' कोन त्या काळच्या पेट्रोलसाठी होता. ते शिशाचे पेट्रोल आज जगातल्या कोणत्याही पंपावर मिळत नाही. भारतात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. त्याला नॉकिंग कमी, पण जुन्या कार्ब्युरेटरला ते मिश्रण पातळ पडते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. अशा इंधनावर १९५५चा कोन तंतोतंत लावणे म्हणजे अस्सलपणा नव्हे. ते एका हरवलेल्या इंधनाशी जुळवून घेणे आहे.

२९/
मग जपायचे काय? लोखंड जपावेच. २०२३ साली शेवटच्या पद्मिनीबरोबर एक तरी गाडी संग्रहात ठेवावी, अशी मागणी झाली, ती रास्तच होती. कारण शहराचे टाकून दिलेले लोखंड कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि मानखुर्दच्या मंडाळा भागातील गोदामांत येऊन वितळण्याची वाट पाहते, आणि तेथे डिस्ट्रिब्युटर किलोवर विकला जातो. पण वितळण्याने लोखंडापेक्षा मोठी एक गोष्ट जाते: इंधन बदलले की कोन कसा बदलायचा, हे कानाने ओळखण्याची विद्या. तिचे पुस्तक कोणी लिहिले नाही; ती उस्तादाकडून पोऱ्याकडे बॉनेटखाली गेली.

३०/
म्हणून एखाद्या रॅलीत जुनी फियाट किंवा एमजी दिसली, तर रंग आणि क्रोम पाहून झाल्यावर बॉनेट उघडण्याची विनंती जरूर करावी. डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी पाहावे. बोल्टभोवती ओरखड्यांची एक लहान कमान दिसेल. त्यात ८३ ऑक्टेनचे दिवस आहेत, शिशाची वर्षे आहेत, उरणहून आलेला वायू आहे आणि आज सकाळी भरलेले इथेनॉलही आहे. ती कमान पुसून चकचकीत करणाऱ्याने गाडी स्वच्छ केली असेल, पण तिचा इतिहास पुसला.

(समाप्त)